धोक्याची सूचना कोणाच्या भाषेत?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत दुसरा कारखाना तसाच उडाला. अशा प्रसंगी चौकशीचे आदेश निघतात, भरपाई जाहीर होते आणि कारखाने अन्यत्र हलविण्याची भाषा सुरू होते. हे सारे निरर्थक आहे असे आमचे म्हणणे नाही. तथापि एक साधा प्रश्न या गदारोळात हरवतो. ज्या पदार्थाशेजारी कामगार दिवसभर उभा असतो, त्याचा गुणधर्म त्यास कळेल अशा भाषेत कोणी सांगितलेला असतो काय?

या प्रश्नाचे मोल भोपाळने दाखवून दिले आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. कारखान्यातील कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या. त्या पाळावयाच्या त्या कामगारांपैकी अनेकांना इंग्रजी येत नव्हते. भोवतालच्या वस्तीस, तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही कोणी सांगून ठेवले नव्हते. ज्ञान होते, पण ते कुलपात होते.

त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची संपूर्ण माहिती कामगारांना व शेजारच्या जनतेला देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. २०२० च्या कामगार संहितेनेही ते कायम ठेवले आहे. म्हणजे उणीव कायद्याची नाही. उणीव आहे ती सांगण्याच्या इच्छेची.

हायड्रोजन सल्फाइडचे उदाहरण घ्या. या वायूस सडक्या अंड्यांसारखा वास येतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून कामगार टाकीत उतरतो; तो कोसळला की त्यास वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, आणि दोघेही परत येत नाहीत. ही चार वाक्ये ज्याने वेळीच ऐकली त्याचा जीव वाचू शकतो. कार्यालयातल्या फायलीत लावलेला इंग्रजी तक्ता कोणाचाही जीव वाचवीत नाही.

कामगार अशिक्षित आहे, कंत्राटी आहे, आज आहे तर उद्या नाही, अशी सबब पुढे केली जाते. आम्हांस ती मान्य नाही. ज्यास काम समजावता येते, त्यास त्या कामातला धोकाही समजावता येतो. आज आलेल्या माणसाला तर तो आजच सांगितला पाहिजे, कारण नवखाच अधिक फसतो. धोका कळला तर माणसे घाबरतील, हा युक्तिवाद तर त्याहून लाजिरवाणा आहे. न सांगितल्याने धोका कमी होत नाही, फक्त तो पत्करणाऱ्याची संमती चोरली जाते.

म्हणून आमची सूचना अशी की, कारखाने निरीक्षकांनी केवळ नोंदवहीतील सह्या पाहून समाधान मानू नये. त्यांनी यंत्राजवळच्या कामगारास त्याच्या मराठीत, हिंदीत वा ओडियात विचारावे : ‘या नळीतून काय वाहते? ती फुटली तर तू काय करशील?’ कामगारास उत्तर देता आले नाही, तर तो कामगार नापास झाला असे समजू नये. कारखाना नापास झाला असे समजावे.