मुळातला राखणदार



मागच्या एका रब्बीत गावाकडून चुलतभावाचा फोन आला. दीड एकर हरभरा फुलावर आला होता आणि उभी झाडे माना टाकू लागली होती. दुकानदाराने एक बाटली हातात ठेवली. म्हणाला, "मारा, आठ दिवसांत पीक उभे राहते." भावाने उसने पैसे आणून बाटली घेतली. पीक काही उभे राहिले नाही, उसनवारी तेवढी उभी राहिली.

सुकलेले झाड उपटून त्याचे मूळ उभे चिरले, तर आत मधोमध काळपट रेघ होती. हा मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. एकदा मान टाकलेल्या झाडाला कोणतीही बाटली जिवंत करू शकत नाही. हे आधी माहीत असते तर भावाचे पैसे वाचले असते.

मी कॉमर्स शिकलेला, कारकुनी करणारा माणूस. शेतीशास्त्र माझा विषय नाही. पण त्या दीड एकराने मला शेतीची पुस्तके उघडायला लावली, आणि त्यात वाचले ते असे, की या बुरशीपासून वाचवणारीही एक बुरशीच आहे!

बुरशी म्हटली की आपल्याला पावसाळ्यात चपलेवर, पावावर आणि चाळीच्या ओल्या भिंतीवर येणारी घाण आठवते. पण निरोगी दिसणाऱ्या झाडाच्या मुळात, खोडात आणि पानात डोळ्यांना न दिसणाऱ्या कितीतरी बुरश्या मुकाट्याने राहत असतात. अशा आत राहणाऱ्या जीवांना 'एन्डोफाइट' म्हणतात. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी 1866 साली दिला. त्यातल्या सगळ्याच मित्र नसतात. काही नुसत्या भाडेकरू असतात, तर काही संधी मिळताच उलटतात. पण काही मात्र खऱ्या राखणदार आहेत.

कोकोच्या झाडाचे उदाहरण घ्या. याच झाडाच्या बियांपासून चॉकलेट होते. त्याचे कोवळे पान उगवते तेव्हा जवळजवळ कोरे असते. पुढे वारा-पावसाबरोबर बुरशीचे बीजकण पानावर पडतात आणि आत वस्ती करतात. पनामा देशात शास्त्रज्ञांनी काही पाने अशी वस्ती असलेली ठेवली आणि काही बिनवस्तीची. मग दोन्हींवर फायटोफ्थोरा हा रोग सोडला. 2003 साली त्यांनी निष्कर्ष छापला, की वस्ती असलेल्या पानांचे नुकसान कमी झाले. गर्दीच्या लोकलमध्ये सगळ्या सीट भरल्या असतील तर नव्या माणसाला बसायला जागा मिळत नाही, तसाच काहीसा हा प्रकार. मात्र हे रक्षण मुख्यतः ज्या पानात वस्ती आहे त्या पानापुरतेच होते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. राजस्थानच्या थर वाळवंटात, वेडी बाभूळ आणि बोराच्या झुडपांच्या मुळांजवळच्या मातीत प्रा. अजित वर्मा यांच्या गटाला एक बुरशी सापडली. 1998 साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिचे बीजकण पेअर फळाच्या आकाराचे, म्हणून नाव पडले पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका. आता तिला सेरेंडिपिटा इंडिका म्हणतात. पुढे जर्मनीतील गीसेनच्या शास्त्रज्ञांनी ती बार्लीच्या, म्हणजे सातूच्या, मुळात वाढवली. 2005 साली त्यांनी दाखवले की मुळे कुजण्याचा रोग तर कमी झालाच, शिवाय पानांवरची भुरीही कमी झाली. आता गंमत पहा. बुरशी मुळात, आणि रक्षण झाले पानाचे!

हे कसे घडते? झाडाला रक्त नाही, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. त्याच्या प्रत्येक पेशीला स्वतःच लढावे लागते. मित्रबुरशी मुळात शिरली की झाडाला तिची चाहूल लागते आणि तो सावधगिरीचा निरोप अंगभर जातो. झाड लगेच शस्त्र काढत नाही, कारण त्यात फार शक्ती खर्च होते. ते फक्त तयारीत राहते. पुढे खरा रोग आला की अशा झाडाच्या पेशी आपल्या भिंती लवकर जाड करतात आणि रोगाला मारक द्रव्ये लवकर तयार करतात. लसीची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे, तंतोतंत लस मात्र नव्हे.

हा धर्मादाय कारभार नाही, बरे का! झाड पानात केलेली साखर बुरशीला देते आणि बदल्यात संरक्षण घेते. जमाखर्च दोन्ही बाजूंना आहे.

आता आपल्या हरभऱ्याकडे येऊ. शेतकऱ्याला सहज मिळणारी मित्रबुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. ती मातीत रोगाच्या बुरशीला वेटोळे घालते आणि तिची भिंत विरघळवून तिलाच खाते. शिवाय तिचे काही प्रकार मुळाच्या बाहेरच्या थरांत राहून झाडाला असेच सावध करतात. गावाकडे ज्यांची थोडी जमीन आहे, त्यांनी पुढील गोष्टी घरी जरूर कळवाव्यात.

पेरणीपूर्वी एक किलो हरभऱ्याच्या बियाण्याला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा पावडर चोळावी. चिकटण्यासाठी गुळाचे थोडे पाणी शिंपडावे. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. ही बुरशी जिवंत आहे, म्हणून पाकीट उन्हात ठेवू नये आणि घेताना त्यावरची मुदत वाचावी. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक चोळू नये, कारण त्याला शत्रू-मित्र कळत नाही. कृषी विद्यापीठे आणि काही कृषी विज्ञान केंद्रे ही पावडर तयार करून विकतात, तेथूनच घ्यावी. आणि पावती मागायला लाजू नये.

एवढ्याने भागेल असेही नाही. मर रोगाची बुरशी जमिनीत कित्येक वर्षे टिकते. म्हणून विजय, दिग्विजय, जॅकी 9218 असे मर रोगाला दाद न देणारे वाण निवडावेत. त्याच रानात दरवर्षी हरभरा करू नये, मध्ये ज्वारीसारखे पीक घ्यावे.

घरातल्या माताभगिनींना एक सूचना. हे वाचून बुरशी लागलेले शेंगदाणे पोटात घालू नका. ती बुरशी वेगळी, तिच्यात यकृताला घातक विष असू शकते.

भावाने पुढच्या हंगामात बियाणे चोळून पेरले. मर पूर्ण गेली नाही, काही झाडे सुकलीच. पण बाटलीसाठी उसने मागायला तो कोणाच्या दारात गेला नाही. राखणदार चोरी होण्याआधी ठेवायचा असतो, एवढे त्याला कळले. आपणही ध्यानात ठेवू या.