घेरी आली तर बाटली नको, ईसीजी मागा

“काही नाही जी, थोडी घेरी आली. एक बाटली लावून द्या, बरं वाटते.” आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत कुठल्याही दवाखान्यात तासभर बसलं की हे वाक्य कानावर पडतं. उन्हातान्हात, उपाशीपोटी, कापूस वेचणीच्या दिवसांत माणसाला भोवळ येते, सलाईन चढतं आणि तो उठून घरी जातो, हेही खरं. म्हणूनच ही सवय पडली आहे. पण काही माणसांच्या जिवावर ती बेतू शकते. हृदयाचा स्नायू जाड झाला म्हणून नागपूर, मुंबई किंवा हैदराबादला जाऊन ज्यांनी तो कापून किंवा जाळून घेतला आहे, ती ही माणसं. हे आवाहन त्यांना आहे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरच्यांना. घेरी आलेला माणूस स्वतः काय ठरवणार?

हृदयरोग म्हटलं की आपल्यासमोर तुंबलेली रक्तवाहिनी आणि स्टेंट येतो. वर्ध्यातच वाढलेल्या डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिल्यापासून मराठी घरांत तेल-तूप, चालणं आणि ताण यांवर बोलणं सुरू झालं, ते चांगलंच झालं. मात्र आपण बोलतोय तो आजार वेगळा आहे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हे त्याचं नाव. तो बहुतेक वेळा घराण्यातून येतो, तेल-तुपाशी त्याचा संबंध नाही. रक्तदाब नसतानाही हृदयाचा स्नायू जाड होतो, विशेषतः डाव्या आणि उजव्या कप्प्यामधला पडदा. एरवी सेंटिमीटरभर असणारा हा पडदा १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड होतो आणि अनेकदा रक्त बाहेर पडण्याची वाट अडवतो. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो. २०११च्या जनगणनेनुसार आपला वर्धा जिल्हा १३ लाखांचा, म्हणजे हिशेबाने अडीच हजारांवर माणसं निघतात. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो आणि पडद्यावर काही करायची वेळ फार थोड्यांवर येते.

गोळ्यांनी भागलं नाही तर दोन मार्ग असतात. एक म्हणजे छाती उघडून पडद्याचा वाढीव भाग कापून काढणं. अमेरिकेत १९६०च्या दशकात अँड्र्यू मॉरो या शल्यविशारदाने ही शस्त्रक्रिया नावारूपाला आणली. त्याला स्वतःलाही हाच आजार होता. दुसरा मार्ग उलरिक सिगवार्ट यांनी १९९४ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वापरला. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालायची, पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीकशा फांदीपर्यंत पोचायचं आणि तिथे एक ते तीन मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल सोडायचं. तेवढा भाग मरतो, आक्रसतो आणि वाट मोकळी होते. ठरवून, हिशेबाने दिलेला छोटा हार्ट अटॅकच म्हणा. दोन्ही उपचार चांगले आहेत. पायऱ्या चढताना धापा टाकणारी माणसं त्यानंतर शेतात जाऊ लागतात.

गोम वेगळीच आहे. ज्या भिंतीवर छिन्नी चालवायची, तिच्यातूनच घराचं वायरिंग गेलेलं असतं. हृदयाला ठोका देणारी वीज वरच्या कप्प्यांतून खाली येते ती याच पडद्यातून, आणि पुढे तिच्या उजवी आणि डावी अशा दोन फांद्या होतात. अल्कोहोल ज्या रक्तवाहिनीत जातं तीच उजव्या फांदीला पोसते, त्यामुळे ही प्रक्रिया झालेल्या जवळपास निम्म्या लोकांची उजवी फांदी बंद पडते. चाकूने कापताना डावी फांदी सापडते, कारण ती पडद्याच्या डाव्या अंगाला अगदी पृष्ठभागाशी असते. एक फांदी गेली तरी दुसरी काम निभावून नेते, माणसाला काही कळतही नाही. पण दुसरी आधीपासूनच बंद असेल तर? मग वरची वीज खाली पोचतच नाही. यालाच कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. डिस्चार्ज कार्डावर हे शब्द वाचून अनेक घरं ‘नस पुन्हा बंद झाली’ म्हणून अँजिओग्राफीच्या चौकशीला लागतात. रक्तवाहिनीचा इथे काही दोष नसतो.

म्हणून उपचाराला जाण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: “माझ्या ईसीजीत आधीच एखादी फांदी बंद आहे का? असेल तर कोणती?” डावी बंद असेल आणि अल्कोहोलचा बेत असेल, किंवा उजवी बंद असेल आणि कापायचं ठरत असेल, तर पेसमेकरची शक्यता कैक पटींनी वाढते, आणि तो खर्च, ती तयारी मनात धरूनच जावं लागतं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. एरवी अल्कोहोलच्या प्रक्रियेनंतर साधारण दहातल्या एकाला कायमचा पेसमेकर लागतो. अनुभवी हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण त्याहून कमी असतं.

अशा वेळी ईसीजीचा कागद कसा दिसतो ते एकदा बघून ठेवा, सांगणाऱ्याने बोट ठेवून दाखवलं तर कुणालाही कळेल. लहान लहान उंचवटे ठरावीक अंतरावर नेमाने येत राहतात, ते वरच्या कप्प्यांचे. उंच शिखरं मात्र लांब लांब, मिनिटाला तीस-चाळीस, आपल्याच चालीने येतात. एखादा उंचवटा शिखराच्या आधी, एखादा त्याच्या पोटात, एखादा नंतर. दोघांचा एकमेकांशी काही मेळ नाही. ज्याचा हा कागद आहे तो माणूस खाटेवर बसून “आता बरं आहे” म्हणत असतो, आणि पुढच्या घटकेला कोसळू शकतो.

हा ब्लॉक बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतो. त्यासाठीच मानेतून किंवा मांडीतून तात्पुरती पेसमेकरची वायर ठेवतात आणि माणसाला मॉनिटरवर रोखून धरतात. पण काहींना तो आठवड्याने येतो, क्वचित त्याहूनही उशिरा. आपल्याकडे घोळ इथेच होतो. पेशंट चालायला लागला, जेवायला लागला, इकडे सोयाबीन काढणीला आलंय, खाटेचं भाडं रोज चढतंय, म्हणून नातेवाईक तिसऱ्याच दिवशी सुट्टीसाठी मागे लागतात. लागू नका. डॉक्टर पाच दिवस म्हणाले तर पाच दिवस.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे रोज सकाळी उठण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी नाडी मोजा. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दोन-तीन बोटं ठेवायची आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण चाल बिघडलेली असेल तर तो हिशेब फसतो. घरातल्या बीपीच्या मशीनवरही अशा वेळी फार विसंबू नका. बसल्या जागी नाडी ५०च्या खाली गेली, १२०च्या वर राहिली किंवा तिला काही तालच उरला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, काही न करता दम लागला, तर दिवस-रात्र न बघता १०८. आकडा काहीही असो, बेशुद्ध पडलेल्या माणसाला ‘अशक्तपणा’ म्हणून झोपवून ठेवायचं नाही.

जायचं कुठे? हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, वर्ध्याला जिल्हा रुग्णालय आहे, पुढच्या उपचारांसाठी सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं आहेत. नागपूर वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटर, तिथपर्यंत खासगी गाडीत बेशुद्ध माणूस नेण्याचा हट्ट करू नका. गावातल्या डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य एवढंच: “यांच्या हृदयाच्या पडद्यावर उपचार झालाय, आधी ईसीजी काढा.” सलाईन काही विष नाही. पण ते थेंब थेंब उतरेपर्यंतचा तास-दीड तासच अशा माणसाजवळ नसतो.

गोळ्यांचंही एक सांगायचं आहे. उपचाराआधी नाडी मंद ठेवण्यासाठी दिलेल्या मेटोप्रोलॉल, व्हेरापामिलसारख्या गोळ्यांची अर्धी पाकिटं फळीवर पडलेली असतात. छातीत धडधडलं की लोक त्यातली एक घेतात. वीज आधीच अडखळत असेल तर ही गोळी तिला आणखी अडवते. नव्या कार्डावर आहे तेवढंच घ्या. आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट! अल्कोहोलनंतर पडदा आक्रसायला काही महिने लागतात, तोवर वाट पुरती मोकळी झालेली नसते. अशात सॉर्बिट्रेटने रक्तदाब एकदम उतरून माणूस पडू शकतो. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याकडेच राहू द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा पाणी कमी पडूनही हेच होतं. फक्त पाण्यावर डॉक्टरांनी बंधन घातलं असेल तर त्यांनाच विचारून प्रमाण ठरवा.

ताल दुसऱ्या तऱ्हेनेही बिघडतो. वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात, नाडी वाकडीतिकडी पळते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात हे बऱ्याच जणांना होतं आणि पुष्कळदा निवळतं. ते टिकलं तर कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. ती मनाने सोडायची नाही. वॉरफरीन असेल तर तपासणी वेळेवर करा आणि पालेभाजी बंद न करता रोज साधारण सारख्याच मापात खा. खालच्या कप्प्यांतून उठणारी घातक चाल हा तिसरा प्रकार. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, पडदा ३० मिलिमीटरच्या घरात असेल किंवा कारण न कळता शुद्ध गेली असेल, तर झटका देणारं यंत्र बसवायचं की नाही, हा प्रश्न पडदा कापल्यावरही उरतो. तो डॉक्टरांपुढे काढा.

पेसमेकर बसलाच तर घाबरू नका, शेतीही सुटत नाही. पहिला महिना-दीड महिना त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, वायर जागची हलते. त्यानंतर मुख्य अडचण फवारणी पंपाची. डावीकडे गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आतच यंत्र असतं आणि भरलेल्या पंपाचा पट्टा नेमका त्यावर रुततो. पंप दुसऱ्याला द्या. तसंही कीटकनाशकांतली काही औषधं अंगात भिनली तर नाडी मंदावते, म्हणजे दोन्हीकडून घात. रानडुकरांसाठी, रोह्यांसाठी लावलेल्या झटका कुंपणाला हात लावू नका, वेल्डिंगजवळ उभे राहू नका. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात नको, बोलायचं तर उजव्या कानाला. यंत्र किमान किती ठोक्यांवर लावलंय ते विचारून फाइलच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहा. नाडी त्या आकड्याच्या बरीच खाली गेली की काहीतरी बिघडलं असं समजा. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही: अशा माणसाचं निधन झालं तर दहनाआधी यंत्र काढून घ्यावं लागतं, आगीत बॅटरीचा स्फोट होतो.

पैशांचं म्हणाल तर पेसमेकर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच भेटा, नंतर नाही. याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या रुग्णालयाने गावागावांतून ज्वारी घेऊन उपचारांची हमी दिली होती. त्यामुळे मदत मागायला लाजायचं कारण इथे तरी नाही. उपचाराआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ईसीजी फाइलच्या पहिल्या पानावर लावा, मोबाइलमध्ये त्यांचा फोटो ठेवा. रात्री दोन वाजता हजर असलेल्या नव्या डॉक्टरला जुना कागद मिळाला तर नवीन काय बिघडलं ते मिनिटात कळतं.

आणि भाऊ, बहीण, मुलं यांच्यापैकी प्रत्येकाचा ईसीजी आणि इको करून घ्या. आई किंवा वडील दोघांपैकी एकाकडून सदोष जनुक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. वाढीच्या वयातल्या मुलांची तपासणी एकदा चांगली निघाली तरी दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते. तुमचा मुलगा शाळेच्या कबड्डी संघात असेल तर ती आधी करा.