पिंजरा हे उत्तर नव्हे

शिवारात बिबट्या दिसला की मागणी होते, पिंजरा लावा आणि धरून लांब जंगलात सोडा. त्यामागचा युक्तिवाद ठरलेला असतो : बिबट्या जंगलातला, वाट चुकून उसात आला, माणसाची भीती मेली आणि हल्ले करू लागला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ज्यांचं लेकरू गेलं, त्यांच्या संतापापुढे कुणी शहाणपण शिकवू नये. हल्लेखोर बिबट्या धरलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण ‘दिसला की धरा’ ही मागणी आपल्याच लेकरांना धोक्यात घालते.

वाट चुकल्याचं म्हणणं आधी तपासू. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही भरवस्तीच्या बागायती मुलखात. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. उसाच्या फडात माद्या वितात, पिल्लं वाढतात. हे बिबटे इथलेच आहेत.

भीती मेली, हेही खरं नाही. याच भागात जीपीएस पट्टे लावलेले बिबटे दिवसा वस्तीपासून दूर दडून राहत आणि माणसं निजल्यावर घरांच्या अगदी जवळून जात. माणसाचा वावर पाहून त्यांनी आपल्या हिंडण्याची वेळच बदलली होती. भीती मेलेलं जनावर अंधाराची वाट कशाला पाहील?

उरलं ‘लांब सोडा’. जुन्नरमध्ये २००१पासून तेच मोठ्या प्रमाणावर झालं. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. नंतर ते सतरावर गेले. पिंजऱ्यात धडका देऊन जनावर जखमी होतं, दात तुटतात. मग त्याला अनोळखी मुलखात, दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दीत सोडलं जातं. इकडे रिकाम्या जागेत नवा बिबट्या येतो. शिवाय सोडलेला तिथेच राहील याची हमी नाही. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून २००९मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला.

मग करायचं काय? ऊसतोडीत बछडी सापडली की जुन्नरकडे वनखातं ती तपासून, क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतं. माणसं मागे हटतात आणि अंधारात मादी येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. तीच बछडी गावात नेली, भोवती गर्दी जमली, तर बिथरलेली आई रात्रभर वस्तीभोवती फिरते. माणसाने मागे सरायचं, ही पहिली गोष्ट. दुसरी, शेळ्यांना बंदिस्त गोठा आणि कचऱ्याची विल्हेवाट; उकिरड्यावर कुत्री पोसली जातात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. तिसरी, शेतीला दिवसा थ्री फेज लाईट. शेतकऱ्याने मध्यरात्री दारं धरायला उसात का जावं? बिबट्याने दिवस आपल्याला सोडला आहे. त्याच्या वेळी आपल्याला रानात ढकलते ती रात्रपाळीची वीज.

म्हणून ग्रामसभेने पिंजऱ्याच्या अर्जाआधी दिवसाच्या विजेचा आणि पक्क्या गोठ्यांच्या अनुदानाचा ठराव करावा, आणि तो तडीस जाईपर्यंत कार्यालयांचे उंबरे झिजवावेत. लेकरं वाचवण्याचा खरा मार्ग तोच आहे.