पाणी किती फूट? आधी वेळ सांगा!

रुग्णाने साखरेचा रिपोर्ट पुढे ठेवला की मी आधी तारीख बघतो, मग आकडा. तीन महिन्यांपूर्वीच्या साखरेवर आजचे इन्सुलिन ठरत नाही. वॉर्डात ताप लिहितानाही शेजारी वेळ लिहितात. मग पुराच्या पाण्याचा आकडा आपण वेळेशिवाय कसा काय मान्य करतो?

आपल्या शिरोळ तालुक्याने ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर पाहिले आहेत. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकत्र येतात, त्यामुळे पावसाळ्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच विषय असतो. 'राजाराम बंधारा ४१ फूट.' कोल्हापूरच्या या बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पण हे ४१ फूट आत्ताचे, की काल रात्रीचे? पाणी चढते आहे की उतरते आहे? मेसेजमध्ये काहीच नसते. व्हॉट्सॲपवर दिसणारी वेळ ही पुढे पाठवल्याची असते, पाणी मोजल्याची नव्हे.

यात जीव अडकलेला असतो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणारा रुग्ण, नववा महिना लागलेली गरोदर बाई, घरी ऑक्सिजनवर असलेले आजोबा यांना रस्ता बंद होण्याआधी गाव सोडावे लागते. जुना कमी आकडा पाहून ते 'अजून वेळ आहे' म्हणून थांबतात. नंतर होडी शोधावी लागते.

काही जण म्हणतात, 'मेसेज जास्त आले तर बिघडले कुठे? लोक सावध तरी राहतात.' मला हे अजिबात पटत नाही. जुना मोठा आकडा पुन्हा फिरला की लोक उगाच पळतात आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्याला जागचे हलत नाहीत. शिवाय दोनशे मेसेजच्या ढिगात कामाचा मेसेज खाली दबून जातो.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच गणिताने मांडले. त्यांनी 'माहितीचे वय' मोजले, म्हणजे हाती असलेली शेवटची माहिती किती वेळापूर्वीची आहे ते. माहिती फार क्वचित पाठवली तर ती शिळी होते, हे उघड आहे. पण फार भराभर पाठवली तरी ती शिळीच होते, कारण नवी खबर जुन्या खबरींच्या रांगेत अडकते. आपल्या ओपीडीत नंबर लावून बसतात तसेच! म्हणून पाण्याच्या पातळीसारख्या गोष्टीत ताजी खबर आली की जुनी बाजूला काढायची असते.

माझे म्हणणे साधे आहे. शासकीय यंत्रणा असो, ग्रामपंचायत असो की गावचा ग्रुप, प्रत्येक आकड्याबरोबर ठिकाण, मोजल्याची तारीख आणि वेळ आणि पाणी चढते की उतरते एवढे लिहिलेच पाहिजे. दवाखान्यांनीही रिकाम्या खाटांचा आकडा वेळेसकट द्यावा. ग्रुपमध्ये पातळी एकाच माणसाने टाकावी आणि नवी टाकताना जुनी पोस्ट काढून टाकावी.

आणि तुम्ही? वेळ नसलेला मेसेज पुढे ढकलू नका. औषधाच्या बाटलीवर तारीख नसेल तर आपण ते औषध घेत नाही. इथेही तोच नियम लावा.