विश्लेषण : गाणे कारच्या स्पीकरवर, कॉल मात्र खिशातल्या फोनवर... असे का होते?

संध्याकाळची वेळ. नाहूरचा उड्डाणपूल उतरून गाडी लालबहादूर शास्त्री मार्गाच्या सिग्नलकडे मुंगीच्या पावलांनी सरकतेय. स्टिरिओवर गाणे सुरू आहे. इतक्यात फोन वाजतो, गाणे थांबते. स्टिअरिंगवरचे हिरवे बटण दाबले तरी स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही. ‘हॅलो, हॅलो’ येते ते खिशातल्या फोनमधून. हात आपसूक खिशाकडे जातो. ब्लूटूथची ही किरकोळ वाटणारी खोट त्या क्षणी किरकोळ राहत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातात फोन धरून वापरण्याचा समावेश ‘धोकादायक ड्रायव्हिंग’मध्ये झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार हातातल्या उपकरणाचा वापर फक्त रस्ता शोधण्यासाठी करता येतो, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. सिग्नलला थांबलेली गाडी म्हणजे पार्क केलेली गाडी नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे.

गाणे वाजते, मग कॉल का नाही?

कारण ब्लूटूथवर गाणी आणि कॉल यांच्या वाटा वेगळ्या आहेत. गाण्यांसाठी ‘एटूडीपी’ नावाची व्यवस्था असते. तिच्यात आवाज एकाच दिशेने, फोनकडून कारकडे जातो. कॉलसाठी ‘एचएफपी’ म्हणजे हँड्स-फ्री प्रोफाइल लागते, कारण त्यात आवाज दोन्ही दिशांनी जावा लागतो. एक वाट सुरू आणि दुसरी बंद, असे सहज घडू शकते.

अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत कारच्या नावापुढील चाकाच्या चिन्हावर टॅप करा. तिथे ‘कॉल’ आणि ‘मीडिया’ अशी दोन वेगळी बटणे दिसतील. कॉलचे बटण सुरू आहे ना, ते पाहा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, टच या क्रमाने जाऊन ‘कॉल ऑडिओ राउटिंग’ तपासा. सगळे ठीक असूनही आवाज येत नसेल, तर कॉल सुरू असताना कारचा आवाज वाढवून पाहा. बऱ्याच गाड्यांत गाण्याचा आणि कॉलचा आवाज वेगवेगळा साठवला जातो आणि कॉलचा आवाज कधीतरी शून्यावर गेलेला असतो.

एवढे करूनही जमले नाही, तर फोनमधून कार आणि कारमधून फोन, दोन्हीकडची नोंद पुसून नव्याने जोडणी करा. एकाच बाजूची नोंद पुसली तर जुना घोळ अनेकदा तसाच राहतो. नव्या जोडणीत कॉन्टॅक्टची परवानगी मागितली जाते. ती नाकारली की पडद्यावर नावाऐवजी नुसते नंबर दिसतात.

कॉल भलतीकडेच का जातो?

घरात एकच गाडी आणि तिला नवरा-बायको दोघांचे फोन जोडलेले असले, की कार त्यातला एक फोन आपणच निवडते. सोसायटीच्या पार्किंगवरच पहिल्या मजल्यावरचे घर असेल, तर गाडी सुरू होताच घरातल्या फोनवरचा कॉल कारमध्ये वाजू लागतो. कारच्या सेटिंगमध्ये प्राधान्य ठरवण्याची सोय असेल तर चालकाचा फोन पहिला ठेवा. खिशातले इअरबड किंवा मनगटावरचे घड्याळही कॉल पळवते. अँड्रॉइड ऑटो केबलने जोडले असले तरी कॉल ब्लूटूथवरूनच जातो, त्यामुळे ब्लूटूथ बंद ठेवून चालत नाही.

समोरच्याला ऐकू का येत नाही?

कारचा माइक साधारणपणे छतावर, आतल्या दिव्याजवळ किंवा आरशापाशी असतो. एसीचा पंखा पूर्ण वेगात आणि झोत वरच्या दिशेला असेल, तर माइकमध्ये वाराच घुमतो. पंखा एक-दोन घर कमी करा, काच वर घ्या. समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर कारचा आवाज कमी करा. स्पीकरमधला आवाज माइक पुन्हा उचलत असतो. स्टिरिओ बाहेरून बसवला असेल, तर वायरचा माइक डॅशबोर्डच्या आत तर राहिला नाही ना, हे बसवणाऱ्याला विचारा.

मग हँड्स-फ्री सुरक्षित आहे का?

हात मोकळे राहतात, डोके मात्र मोकळे राहत नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत दिसले, की हँड्स-फ्रीवर बोलणारा चालकही समोरच्या गोष्टींकडे पाहतो, पण त्या त्याच्या ध्यानात येत नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसत असतो, त्यामुळे अवघड वळणावर तो गप्प बसू शकतो. फोनवरच्या माणसाला पुढे अचानक आडवी आलेली रिक्षा दिसत नाही.

म्हणून चालत्या गाडीतला कॉल ‘गाडी चालवतोय, पोहोचल्यावर बोलतो’ एवढाच ठेवावा. फोनमधला ड्रायव्हिंग मोड कारचे ब्लूटूथ जोडले जाताच आपोआप सुरू होईल असा लावता येतो. वरच्या सगळ्या तपासण्या पार्किंगमध्ये, हँडब्रेक लावून, घरातल्या कुणाला तरी फोन करून दहा मिनिटांत होतात. त्या सिग्नलवर करायच्या नाहीत.