स्वसंरक्षण, अतिरेक आणि खून

इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातील शेतकरी टोनी मार्टिन फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी निवर्तला. चोरांपासून घर राखणारा वीर, की पळत्या पोराला पाठीत गोळी घालणारा खुनी, हा त्याच्याविषयीचा वाद पाव शतक चालला. या वादाच्या गदारोळात त्याच्या अपिलाने उघड केलेले कायद्यातील खरे वैगुण्य मात्र दुर्लक्षितच राहिले.

२० ऑगस्ट १९९९ च्या रात्री मार्टिनच्या एकाकी शेतघरात दोन चोर शिरले. त्याने विनापरवाना बाळगलेल्या बंदुकीतून गोळ्या झाडल्या. एक चोर जखमी झाला. दुसरा, अवघा सोळा वर्षांचा मुलगा, पाठीत गोळी लागून मेला. एप्रिल २००० मध्ये ज्यूरीने दहा विरुद्ध दोन मतांनी मार्टिनला खुनाबद्दल दोषी ठरविले व त्याला जन्मठेप झाली. या शिक्षेखेरीज दुसरी शिक्षा देण्याची न्यायाधीशांना मुभाच नव्हती.

ऑक्टोबर २००१ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांच्या न्यायपीठाने अपिलाचा निर्णय दिला. स्वसंरक्षणाचा बचाव फेटाळला गेला. वापरलेले बळ वाजवी नव्हते असे ठरविण्याचा ज्यूरीला अधिकार होता, आणि आरोपीला मनोविकारामुळे संकट मोठे भासले हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे न्यायपीठाचे मत पडले. तथापि त्याच मनोविकाराच्या आधारे त्याची जबाबदारी उणावली होती असे मानून न्यायपीठाने खुनाऐवजी मनुष्यवधाचा दोष ठेवला व पाच वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे भ्यालेल्या माणसाला कायद्याने दया दाखविली ती तो भ्याला म्हणून नव्हे, तर तो मनोरुग्ण होता म्हणून! निरोगी मनाच्या एखाद्या शेतकऱ्याने घाबरून तीच गोळी झाडली असती, तर त्याची जन्मठेप टळली नसती.

याचे कारण असे की, स्वसंरक्षणात अतिरेक केलेल्या माणसासाठी इंग्रजी कायद्याने मधली पायरीच ठेवली नव्हती. बळ वाजवी असेल तर निर्दोष सुटका, नसेल तर खून. १९९५ साली एका सैनिकाच्या अपिलात लॉर्ड्‌स सभेने हाच नियम कायम केला आणि बदल करणे हे संसदेचे काम आहे, असे सांगितले.

गंमत अशी की, इंग्रजांनीच हिंदुस्थानसाठी रचलेल्या १८६० च्या दंडसंहितेत ही पायरी होती. कलम ३०० च्या दुसऱ्या अपवादानुसार सद्भावनेने, पूर्वसंकल्पावाचून आणि आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा हेतू नसताना जो बचावाच्या हक्काची मर्यादा ओलांडतो, त्याचा गुन्हा खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेही कलम १०१ मध्ये हा अपवाद जसाच्या तसा ठेवला आहे. जी तरतूद वसाहतीला उपयुक्त वाटली, ती मायदेशी का नेली गेली नाही, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

ब्रिटिश संसदेने पुढे हालचाल केली, पण निराळ्या दिशेने. गंभीर हिंसेच्या भीतीने ताबा सुटणे हा खुनाच्या आरोपावरील अंशतः बचाव २०१० मध्ये अमलात आला. पण त्यात ताबा सुटल्याचे दिसावे लागते, आणि भेदरूनही ताबा न सोडणारा माणूस त्याच्या बाहेरच राहतो. २०१३ च्या कायद्याने घरात घुसलेल्याशी झुंजणाऱ्यास अधिक सवलत दिली. त्याचे बळ 'अत्यंत विषम' नसेल तर ते वाजवी मानता येते. यामुळे निर्दोष सुटकेची कक्षा रुंदावली. मर्यादा ओलांडणाऱ्यांतील तरतमभाव काही आला नाही. राजकारणाला मात्र हेच सोयीचे होते, कारण घरमालक हा मतदार असतो.

भारतीय अपवादाचा लाभ मार्टिनला मिळाला असता काय? रात्रीच्या घरफोडीविरुद्ध जीव घेण्यापर्यंतचा हक्क आपला कायदाही देतो. परंतु आवश्यकतेहून अधिक इजा करण्यास तो मनाई करतो, आणि पाठीतील जखम आरोपीच्या विरुद्धच बोलते. कदाचित त्याचे अपील येथेही फेटाळले गेले असते. परंतु त्याआधी न्यायालयाला त्याच्या त्या क्षणीच्या हेतूचा आणि सद्भावनेचा विचार करावा लागला असता, त्याच्या मनाच्या आजाराचा नव्हे.