खर्डा आणि हडपसर

इतिहासाचा तास आटोपला की आम्हां विद्यार्थ्यांत एक वाद हमखास रंगतो : अधिक पराक्रमी कोण, शिंदे की होळकर? कोणी महादजींचे नाव घेतो, कोणी यशवंतरावांचे. हा वाद रसाळ खरा, परंतु अपुरा आहे. सेनापतीने कोणाला जिंकले एवढेच पाहून भागत नाही. त्या विजयाचे फळ अखेर कोणाच्या पदरात पडले, हेही पाहिले पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम थोडे दूरचे उदाहरण घेऊ. चीनमध्ये हान घराण्याची सत्ता खिळखिळी झाली, तेव्हा ठिकठिकाणचे सेनानी स्वतंत्र होऊन परस्परांशी झुंजू लागले. इ. स. २०८ मध्ये उत्तरेचा प्रबळ सेनानी त्साव त्साव दक्षिणेवर चालून आला. त्या वेळी सुन छ्वेन आणि ल्यू बै हे दोन दुबळे सत्ताधीश एक झाले. यांगत्से नदीवर त्यांनी पेटत्या नौका सोडून शत्रूचे आरमार जाळले. पुढे मात्र चिंग प्रांताच्या मालकीवरून त्यांच्यातच वैर पेटले. २१९ मध्ये सुन छ्वेनने तो प्रांत घेतला. त्या संग्रामात ल्यू बैचा विख्यात सेनापती ग्वान यू मारला गेला. सूडासाठी निघालेल्या ल्यू बैचा २२२ मध्ये यिलिंग येथे दारुण पराभव झाला. त्याच्या मृत्यूनंतर प्रधान चुको ल्यांग याने वैर गिळून समेट केला, म्हणून त्याचे राज्य आणखी ४० वर्षे तगले. परंतु गेलेले बळ परत आले नाही. २६३ मध्ये एक व २८० मध्ये दुसरे, अशी ती दोन्ही राज्ये उत्तरेच्या सत्तेने गिळली.

आता आपल्या घराकडे वळू. १७९३ मध्ये राजस्थानातील लाखेरी येथे शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांच्या फौजेचा पराभव केला होता. ती जखम ताजी असतानाच, १७९५ च्या मार्च महिन्यात, निजामाविरुद्ध खर्ड्याच्या मैदानात शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन एका बाजूला उभे राहिले. नाना फडणवीसांनी हा मेळ घातला आणि मराठ्यांचा जय झाला. हे सरदार तेव्हाही परस्परांचे जिवलग नव्हते. एकत्र येण्यासाठी मनातील सारे किल्मिष आधी धुऊन निघावे लागते असे नाही, हा खर्ड्याचा धडा आहे.

पाच वर्षांनी, १८०० मध्ये, नाना वारले आणि मेळ घालणारे कोणी उरले नाही. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात विठोजी होळकरांना देहान्त शिक्षा दिली. त्याच वर्षी होळकरांनी उज्जैनवर आणि शिंद्यांच्या फौजेने इंदूरवर घाव घातला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. रणकौशल्याच्या दृष्टीने तो मोठा विजय होता. पण पळालेल्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसई येथे इंग्रजांशी तह करून त्यांचे संरक्षण पत्करले. पुढच्याच वर्षी असई व अडगाव येथे शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढून हरले, तेव्हा होळकरांची फौज त्यांच्या मदतीस नव्हती. १८०४ मध्ये होळकर लढले, तेव्हा ते एकटे पडले. १८१८ मध्ये पेशवाईच संपली.

कोणी म्हणेल, भावाला मारल्यावर यशवंतरावांनी स्वस्थ बसावे काय? आम्ही त्यांचा संताप अन्याय्य मानीत नाही. त्यांचे शौर्यही आम्हांस वंद्य आहे. १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी केलेली दाणादाण कोण विसरेल? दोष एकाच घराण्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, कारण बाजीरावाची क्रूरता व दौलतरावांची महत्त्वाकांक्षा त्या आगीत तेल ओतीतच होती. परंतु ज्याची त्याची तक्रार खरी असूनही सर्वांचे राज्य बुडाले, हीच तर त्या काळाची शोकांतिका होय. आणि लुटली गेलेली उज्जैन-इंदूरची रयत, तिने कोणाचा अपराध केला होता?

आमचे तामसी हे पैनगंगेच्या अलीकडचे, सीमेवरचे गाव. येथे मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी मुले शेजारी शेजारी राहतात. आपल्याकडे राज्ये नाहीत, पलटणी नाहीत. परंतु पोळ्याच्या तोरणाखालून कोणाची बैलजोडी आधी जावी, यावरून वर्षानुवर्षे अबोला धरणारी घरे कोणत्या गावात नसतात? अशा घरांवर संकट आले की बाहेरचा सावकार तेवढा हसतो.

म्हणून पाठ्यपुस्तकात खर्ड्याची ओळ आम्ही जितक्या अभिमानाने अधोरेखित करतो, तितक्याच लक्षपूर्वक हडपसरची ओळही वाचावी. अधिक पराक्रमी कोण, हा वाद खुशाल चालू राहो. मात्र त्याबरोबर आणखी एक प्रश्न आम्ही स्वतःला विचारू : १७९५ मध्ये जे साधले, ते अवघ्या सात वर्षांत का मोडले? त्याचे उत्तर ज्याला उमगले, त्याला इतिहास कळला असे आम्ही समजू.